पिंकर्टनला कोणी शिकवलं?

अमेरिकेत शिकागोच्या वायव्येला चाळीसेक मैलांवर, फॉक्स नदीच्या काठी डंडी नावाचं गाव आहे. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, म्हणून नावही तिकडचंच. १८४६-४७च्या सुमाराला या गावात लाकडी पिंपं बनवणारा एक तरुण राहत होता. पिंपाच्या फळ्या आवळून धरायला त्या काळी लाकडाच्याच लवचीक पट्ट्या लागत. त्या विकत घेण्यापेक्षा हा गडी होडी घेऊन नदीतल्या एका ओसाड बेटावर जायचा आणि कोवळी झाडं तोडून आणायचा. एके दिवशी त्या बेटावर त्याला विझलेल्या जाळाची राख दिसली. आजूबाजूचं गवत तुडवलेलं होतं. दुसरा कोणी असता तर पट्ट्यांचा भारा बांधून घरी गेला असता. हा घरी गेला, पण राख काही त्याच्या डोक्यातून जाईना. कष्टकऱ्यांच्या या मुलखात मौजेसाठी बेटावर येऊन जाळ करायला कोणाला वेळ आहे, असा त्याचा साधा हिशेब होता. तो रात्री परत गेला, पुन्हा गेला, झुडपात दबा धरून बसला. अखेर होडीतून माणसं येताना दिसली. त्याने शेरीफला गाठलं, छापा पडला आणि खोटी नाणी पाडणारी टोळी मुद्देमालासकट हाती लागली.

त्या तरुणाचं नाव अ‍ॅलन पिंकर्टन. पुढे अमेरिकेतली सगळ्यात नामांकित खासगी गुप्तहेरसंस्था त्याने उभी केली. उघडा डोळा हे तिचं बोधचिन्ह, आणि आम्ही कधी झोपत नाही हा तिचा दावा. खासगी गुप्तहेराला इंग्रजीत जे 'प्रायव्हेट आय' म्हणतात, त्याचा धागा बरेच जण या डोळ्याशी नेऊन जोडतात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर आणि काळ्या पहाडावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना पिंकर्टन हे नाव कदाचित ठाऊक नसेल. पण गुप्तहेर म्हटल्यावर जी आकृती आपल्या डोळ्यांपुढे येते, तिच्या ताण्याबाण्यात या पिंपवाल्याचे धागे आहेतच.

हा माणूस आज आठवायला एक कारण आहे. अमेरिकेत खासगी गुप्तहेराला बहुतेक राज्यांत परवाना लागतो, आणि त्यांतल्या काही राज्यांनी परवान्याच्या नूतनीकरणासाठी शिक्षणाची सक्ती केली आहे. ओरेगनमध्ये दर दोन वर्षांत ३२ तास, नॉर्थ कॅरोलिनात १२ तास. तेवढे तास वर्गात किंवा संगणकापुढे बसल्याचं प्रमाणपत्र जोडलं, की परवाना पुढे चालू. हेतू चांगला आहे, हे आधीच मान्य करते. लोकांच्या खासगी आयुष्यात डोकावण्याची मुभा ज्याला मिळते, तो अडाणी असू नये, असं कोणाला वाटणार नाही? तरीही ही सक्ती मला चुकीची वाटते. ती का, हे पिंकर्टनच्या आयुष्यातूनच सांगता येईल, आणि त्याच्या आयुष्यातले काळे डाग न लपवता सांगता येईल.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी आला. मी तीसेक वर्षं बँकेत काढली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत बँकेतली अफरातफर होती. तिच्यासाठी वाचता वाचता पिंकर्टन भेटला, आणि कादंबरी छापून झाली तरी सोडून गेला नाही.

त्याचा जन्म १८१९ सालचा, ग्लासगोच्या गोर्बल्स या दाटीवाटीच्या गरीब वस्तीतला. वडील लवकर गेले आणि शाळा सुटली. आधी एका कारखान्यात पोऱ्या म्हणून, मग पिंपं बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी. उमेदवारी हा शब्द हल्ली आपण निवडणुकीपुरता ठेवला आहे. पूर्वी सोनाराकडे, शिंप्याकडे, छापखान्यात पोरं उमेदवारी करायची. पिंपाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. प्रत्येक फळी मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती तासायची, कडा अशा कोनात उतरवायच्या, की पंचवीस-तीस फळ्या गोलात उभ्या केल्या तर थेंबही गळू नये. हा कोन कागदावर काढून देता येत नाही. उस्तादाच्या शेजारी उभं राहून, चार पिंपं गळवून, तो हाताला सापडतो. तरुणपणीच तो पक्का कारागीर झाला, आणि कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत, त्यातल्या जहाल गटात, ओढला गेला. १८४२ साली जोन कारफ्रे या मुलीशी लग्न करून त्याने अमेरिकेची वाट धरली. वाटेत जहाज फुटलं. जीव वाचला, सामान गेलं. शिकागोत एका बियरच्या कारखान्यात पिंपं केली, मग डंडीला स्वतःचं दुकान टाकलं. काही वर्षांत त्याच्याकडे आठ माणसं कामाला होती.

एवढीच त्याची शैक्षणिक पात्रता.

बेटावरच्या प्रकरणाचा गावात बोलबाला झाला आणि गावातले दोन दुकानदार त्याच्याकडे आले. जॉन क्रेग नावाचा एक परका माणूस आसपास फिरतो आहे, त्याच्याकडे खोट्या नोटा असाव्यात, जरा बघशील का? इथे बँकवालीला थोडं थांबावंच लागेल. त्या काळच्या अमेरिकेत सरकारी नोट नावाची चीजच नव्हती. प्रत्येक राज्यातली प्रत्येक बँक आपापली नोट छापायची. रंग वेगळा, आकार वेगळा, चित्र वेगळं. हजारो प्रकारच्या नोटा बाजारात, आणि त्यांतल्या कित्येक बुडालेल्या बँकांच्या. अशा बाजारात खोटी नोट खपवणं म्हणजे जत्रेत पोर हरवण्याइतकं सोपं. दुकानदारांच्या सोयीसाठी खऱ्याखोट्या नोटांची वर्णनं देणारी पुस्तिका नियमित निघायची. न्यूयॉर्कच्या जॉन थॉम्प्सनची पुस्तिका घरोघर गेलेली होती. याच थॉम्प्सनने पुढे १८७७ साली चेस नॅशनल बँक काढली. पण गंमत अशी, की ही पुस्तिका खोट्या नोटा छापणारेही विकत घेत. आपल्या नोटेतलं काय चुकलं हे त्यांना त्यात आयतं वाचायला मिळायचं, आणि पुढच्या छपाईत ते दुरुस्त व्हायचं.

पिंकर्टनला नोटांतलं काही कळत नव्हतं. दहा डॉलरची नोट त्याने फारशी हाताळलेलीही नव्हती. पण माणसं कळत होती. तो कामाच्या मळक्या कपड्यांतच क्रेगपाशी जाऊन उभा राहिला, आपण पैशाला कावलेला गरीब कारागीर आहोत असं भासवलं (त्यात फारसं भासवावं लागलं नसणार) आणि पाचशे डॉलर दर्शनी किमतीच्या खोट्या नोटा सव्वाशे खऱ्या डॉलरना विकत घेतल्या. मग मोठा सौदा करायचा म्हणून त्याला शिकागोच्या हॉटेलात बोलावलं आणि तिथे पकडवलं. पुढे क्रेग तुरुंगातून निसटला. पैसे चारून निसटला, अशी कुजबुज होती. पण पिंकर्टनला आपला धंदा सापडला होता.

ज्या खोट्या नोटा क्रेग विकत होता, त्या ओळखायला पुस्तिका कमी पडली, हे मला मुळीच नवलाचं वाटत नाही. मी बँकेत लागले तेव्हा आमच्या शाखेतले रोखपाल डोळे मिटून गड्डी मोजायचे आणि मधेच अंगठा थांबायचा. ती नोट बाजूला निघायची. बहुतेक वेळा खोटीच असायची. का, असं विचारलं तर त्यांना नीट सांगता येत नसे. पुढे २०१६च्या नोव्हेंबरात रातोरात नोटा बदलल्या, पाचशेची नवी आली, दोन हजारांची आली. सुरक्षाखुणांची यादी भिंतीवर लागली, सगळ्यांनी वाचली. पण अंगठे तयार झाले ते त्या पंधरा-वीस दिवसांत, दारातल्या रांगा संपवता संपवता. यादी वाचू नये असं मी म्हणत नाही. यादी वाचल्याचं प्रमाणपत्र म्हणजे अंगठा नव्हे, इतकंच म्हणते.

पिंकर्टन आधी काउंटीचा उपशेरीफ झाला, १८४९ साली शिकागो पोलिसांतला पहिला गुप्तहेर झाला, टपालखात्यासाठी चोऱ्या पकडल्या, आणि १८५०च्या आसपास त्याने स्वतःची संस्था काढली. रेल्वे कंपन्या हे मोठं गिऱ्हाईक. रूळ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते आणि शेरीफचा अधिकार काउंटीच्या वेशीवर संपत होता. त्या फटीत हा धंदा वाढला.

आता त्याने माणसं कशी निवडली ते पाहा. टिमथी वेबस्टर हा न्यूयॉर्क पोलिसांतला, म्हणजे एक अनुभवी माणूस होता. पण एरवी पिंकर्टन ज्याच्या त्याच्या मूळ धंद्यासकट माणूस उचलायचा, कारण पाळत ठेवायला जाणाऱ्याला कोणीतरी असल्याचं सोंग घ्यावं लागतं, आणि जो खरोखरच कधीतरी कोणीतरी होता त्याचं सोंग वठतं. १८५६ साली त्याच्या कचेरीत जेमतेम तेविशीची एक विधवा आली. केट वॉर्न. त्याला वाटलं कारकुनीसाठी आली असेल. तिने गुप्तहेराचं काम मागितलं. बायकांना या कामावर ठेवण्याचा रिवाज नाही, असं तो म्हणाला. बायकांपाशी बायका बोलतात आणि पुरुष बढाया मारतात, तेव्हा जिथे तुमच्या माणसांना दार उघडत नाही तिथे मी जाईन, अशा अर्थाचं तिने समजावलं. त्याने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिला नेमलं. कुठल्याही पोलीस खात्यात तेव्हा बाई नव्हती. वर्गात बसवून शिकवायला कोणी गुरूही नव्हता. पात्रतेची अट घातली असती तर या बाईचा अर्ज टेबलापर्यंत पोचला नसता.

तिचं नाव झालं ते अ‍ॅडम्स एक्सप्रेसच्या प्रकरणात. पैशांच्या सीलबंद थैल्या गावोगाव पोचवणारी ही कंपनी. अलाबामातल्या माँटगोमेरी कचेरीतून आधी दहा हजार डॉलर गेले आणि मग चाळीस हजार. संशय होता तिथला व्यवस्थापक नेथन मॅरोनी याच्यावर. पण पुरावा शून्य. थैलीचं सील शाबूत, वह्या चोख. (वह्या चोख असणं हेच संशयाचं पहिलं कारण, हे कुठलाही बँक निरीक्षक सांगेल.) पिंकर्टनने एकाच वेळी चार-पाच ठिकाणी माणसं पेरली. एक माँटगोमेरीतच मुरला. एक मॅरोनीच्या मागावर. मॅरोनीला अटक होऊन तो न्यूयॉर्कच्या तुरुंगात गेला, तेव्हा जॉन व्हाइट नावाचा एक हस्तक कैदी बनून त्याच्या शेजारी जाऊन राहिला. आणि मॅरोनीची बायको पेन्सिल्वेनियातल्या जेंकिनटाउन या खेड्यात राहायला आली, तिथे केट वॉर्न आधीच एका गुन्हेगाराची श्रीमंत बायको बनून मुक्कामाला होती. महिनोन्‌महिने दोघी एकत्र फिरल्या, सुखदुःखाच्या गोष्टी केल्या. तुरुंगात मॅरोनीला व्हाइट हा भरवशाचा माणूस वाटू लागला. याच्या हातून पैसे खेळवले तर आपली सुटका होईल, असं त्याने बायकोला कळवलं. बायको कचरत होती. तिला धीर दिला केटने. तळघरात पुरलेले पैसे निघाले, चाळीस हजारांतले जवळजवळ सगळे. खटल्यात व्हाइटला साक्षीदार म्हणून पुकारलं, तेव्हा मॅरोनीने गुन्हा कबूल करून टाकला. दहा वर्षांची शिक्षा झाली.

ही हकिकत बरीचशी पिंकर्टनच्याच पुस्तकातून आपल्यापर्यंत आली आहे. त्याच्या नावावर पुढे दीडेक डझन पुस्तकं निघाली. लिहिणारे बहुधा पगारी लेखक होते, आणि त्यांनी मीठमसाला घातलेला जागोजागी दिसतो. कादंबरीवाल्या बाईला तो चटकन ओळखू येतो. पण या प्रकरणातली मला मोलाची वाटणारी गोष्ट मसाल्यात नाही, कामाच्या पद्धतीत आहे. प्रत्येक हस्तकाने रोजच्या रोज लेखी अहवाल धाडायचा. कोण भेटलं, काय बोललं, किती खर्च झाला. पिंकर्टन ते सगळे वाचायचा, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहायचा, आणि उलट टपाली सूचना जायच्या. केट वॉर्न शिकली ती अशी. रोज काम, रोज हिशेब, आणि तो हिशेब वाचणारा जाणता वरिष्ठ. तीच पुढे बायकांच्या विभागाची प्रमुख झाली आणि तिने आणखी बायका तयार केल्या.

शिवाय त्याने संस्थेला नियम घालून दिले होते. घटस्फोटाची आणि घरगुती लफड्यांची कामं घ्यायची नाहीत. बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून काम करायचं नाही, दिवसाची ठरलेली फी घ्यायची. एका राजकीय पक्षासाठी दुसऱ्यावर पाळत ठेवायची नाही. बक्षिसाचा नियम मला विशेष वाटतो. बक्षीस लागलं की गुन्हेगार सापडो न सापडो, कोणीतरी सापडतोच.

फेब्रुवारी १८६१मध्ये नवे अध्यक्ष लिंकन वॉशिंग्टनला निघाले असताना बाल्टिमोरमध्ये त्यांचा खून करण्याचा बेत आहे, अशी खबर पिंकर्टनच्या माणसांनी काढली. केट वॉर्नने आजारी भाऊ बरोबर आहे असं सांगून रात्रीच्या गाडीत झोपण्याच्या जागा मिळवल्या, आणि पहाटे साडेतीनच्या सुमाराला लिंकन बाल्टिमोरमधून कोणाच्या नजरेस न पडता पार झाले. हा कट कितपत खरा होता यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की बाई, तुम्ही यशाच्याच गोष्टी सांगता. मग अपयशाच्या ऐका. त्या जास्त मोठ्या आहेत.

यादवी युद्धात जनरल मॅक्लेलनसाठी हेरगिरी करण्याचं काम पिंकर्टनकडे आलं. मेजर ई. जे. अ‍ॅलन या नावाने तो वावरत होता. शत्रूचं सैन्य किती, हा मुख्य प्रश्न. पळून आलेले गुलाम, कैदी, फितूर यांच्या जबान्या घेऊन तो आकडे काढायचा आणि आकडे फुगत जायचे. १८६२च्या उन्हाळ्यात रिचमंडपुढे मॅक्लेलन समोर दोन लाखांची फौज आहे असं धरून बसला होता. प्रत्यक्षात ती लाखाच्या आतच होती. मॅक्लेलन हलला नाही, आणि युद्ध लांबलं. गुन्हेगार पकडणारा सैन्य मोजायला गेला आणि फसला, असं पुष्कळांनी लिहिलं आहे. ते अर्धंच खरं आहे. मॅक्लेलनला स्वतःलाच मोठे आकडे हवे होते, आणि पिंकर्टन त्याचा जुना स्नेही होता. वरिष्ठाला हवा तो आकडा खालून वर जातो, ही गोष्ट वर्षअखेरीस ठेवींचं लक्ष्य पुरं करणाऱ्या कुठल्याही शाखाधिकाऱ्याला शिकवावी लागत नाही. त्याच वर्षी रिचमंडमध्ये टिमथी वेबस्टर पकडला गेला. त्याची खबर येईना म्हणून पिंकर्टनने ज्या दोघांना पाठवलं, ते ओळखले गेले आणि त्यांच्यामुळे वेबस्टर उघडा पडला. २९ एप्रिल १८६२ रोजी त्याला फाशी झाली.

युद्धानंतर संस्था वाढली, आणि तिच्याबरोबर मस्तीही. १८६९ साली पिंकर्टनला पक्षाघाताचा झटका आला. कारभार मुलांकडे जाऊ लागला, तरी सूत्रं त्याने सोडली नाहीत. रेल्वे आणि बँका लुटणाऱ्या जेसी जेम्सचा पाठलाग करताना १८७४मध्ये त्याची माणसं मारली गेली. मग हे प्रकरण त्याच्यासाठी धंद्याचं न राहता सुडाचं झालं. जानेवारी १८७५मध्ये एका रात्री मिझुरीत जेसीच्या आईच्या घराला वेढा पडला आणि खिडकीतून जळता लोखंडी गोळा आत फेकला गेला. तो फुटला. जेसी घरात नव्हताच. त्याचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ मेला, आईचा हात गेला. तो बाँब नव्हता, उजेडासाठीचा दिवा होता, असा बचाव पिंकर्टनच्या बाजूने झाला. पण घर जाळून टाकण्याचाच त्याचा इरादा होता, हे त्याच्या पत्रांवरून पुढे दिसून आलं. बिनपरवान्याचा लुटारू आणि कायद्याचा पाठीराखा यांच्यातलं अंतर त्या रात्री शिल्लक राहिलं नव्हतं.

त्यानंतर पेन्सिल्वेनियातल्या कोळशाच्या खाणी. आयरिश मजुरांच्या 'मॉली मॅग्वायर्स' या गुप्त संघटनेत जेम्स मॅकपारलँड हा पिंकर्टनचा हस्तक अडीच वर्षं मजूर बनून राहिला. त्याला पाठवण्याचे पैसे दिले होते रेल्वे आणि खाणींचा मालक फ्रँकलिन गोवेन याने. खटल्यांत सरकारी पक्षाच्या बाजूनेही तोच गोवेन उभा राहिला. १८७७ ते १८७९ या काळात वीस जण फासावर गेले. त्यांतल्या जॉन केहोला पेन्सिल्वेनियाच्या गव्हर्नरने १९७९मध्ये मरणोत्तर माफी दिली. एके काळचा चार्टिस्ट, मजुराच्या मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेला, शिकागोत पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारा हा माणूस मालकांच्या पैशाने मजुरांत हेर पेरत होता, आणि यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नव्हतं. मला हे त्याचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं. तपास म्हणून काम फत्ते झालं होतं, आणि म्हणूनच जास्त.

शिक्षणाच्या सक्तीची बाजू घेणारे इथे बोट ठेवतील, आणि ठेवावं. बघा, शिस्त नसली की काय होतं. पण यातला कोणता प्रसंग बत्तीस तासांनी टळला असता? खिडकीतून जळता गोळा फेकू नये, हे पिंकर्टनला माहीत नव्हतं? मालकाचा पैसा घेऊन हेर पेरला आणि त्याच मालकाने खटला चालवला, यातली गोम त्याच्या ध्यानात आली नव्हती? अज्ञानाने बिघडलेलं यात मला काहीच सापडत नाही. जाब विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून हे घडलं. मिझुरीतल्या त्या रात्रीबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

जाब विचारला गेला तो पिंकर्टनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. जुलै १८९२मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप मोडायला संस्थेची तीनशे माणसं पडावांतून नदीमार्गे आणली गेली. किनाऱ्यावर कामगार वाट पाहत होते. दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. देशभर संताप उसळला आणि १८९३मध्ये संसदेने कायदा केला, की केंद्र सरकारने पिंकर्टनच्या संस्थेला किंवा तसल्या संस्थेला कामावर ठेवायचं नाही. बऱ्याच राज्यांनी बाहेरून सशस्त्र माणसं आणण्यावर बंदी घातली. या कायद्यांनी कोणाला वर्गात बसवलं नाही. काय करायचं नाही ते सांगितलं, आणि केलंत तर काय होईल तेही.

खासगी गुप्तहेराचा परवाना असाच असावा, असं माझं म्हणणं आहे. आधी उमेदवारी. ती अमेरिकेत आजही आहे. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी ६,००० तासांचा, म्हणजे तीन वर्षांचा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. न्यूयॉर्कमध्येही तीन वर्षं. हे तास मला मान्य आहेत, कारण ते कामाचे आहेत. मग परीक्षा. मग अहवाल जपून ठेवण्याचं बंधन, तक्रार आली तर चौकशी, आणि गुन्हा केला तर परवाना रद्द. कायदे बदलतात, हे खरं आहे. दुसऱ्याच्या गाडीला माग काढणारं यंत्र लावता येतं का, फोन ध्वनिमुद्रित करता येतो का, कोणाची माहिती कुठून काढता येते, याची उत्तरं दर काही वर्षांनी वेगळी असतात. ती गुप्तहेराला ठाऊक हवीत. तर मग विचारा त्याला. नूतनीकरणाच्या वेळी वीस प्रश्नांची परीक्षा घ्या, नापास झाला तर परवाना अडवा. तो घरी वाचून आला, की कोणाला विचारून आला, याच्याशी सरकारला काय करायचं आहे? तास मोजणं सोपं असतं आणि ज्ञान मोजणं अवघड, म्हणून तास मोजायचे, ही सोय कारकुनाची झाली.

या सोयीचं पुढे काय होतं, ते मी पाहिलं आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत संगणकावरचे सक्तीचे पाठ आले. फसवणूक कशी ओळखावी, ग्राहकाशी कसं बोलावं. पडद्यावर मजकूर यायचा, खाली 'पुढे' असं बटण. मार्चअखेर जवळ आली की सगळी शाखा एका हाताने व्हाउचर तपासत दुसऱ्या हाताने 'पुढे' दाबायची. एका सहकाऱ्याचे पाठ त्याच्या दहावीतल्या मुलीने सुट्टीत बसून पुरे केले, आणि आमच्यात सगळ्यात जास्त गुण तिला पडले. प्रमाणपत्रं फाइलला लागली. वरच्या कचेरीत शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित, असा तक्ता तयार झाला. त्या तक्त्याचा धोका मला जास्त वाटतो. एकदा तो भिंतीवर लागला, की फसवणूक झाल्यावर सगळे हात वर करायला मोकळे, आम्ही तर प्रशिक्षण दिलं होतं.

भुर्दंड पडतो तो लहान माणसावर. मोठ्या संस्थेकडे स्वतःचे प्रशिक्षक असतात. एकट्याने काम करणाऱ्याला फी भरून, दोन दिवसांचं काम बुडवून जावं लागतं, आणि समोर जो विषय असेल तो ऐकावा लागतो. विम्याच्या खोट्या दाव्यांचा तपास करण्यात ज्याची हयात गेली, तो हरवलेल्या मुलांच्या शोधावरचं व्याख्यान ऐकतो, कारण या महिन्यात तेवढंच उपलब्ध असतं. व्यवसायाच्या संघटनांची अधिवेशनंही या तासांत धरली जातात. सक्तीचं गिऱ्हाईक मिळालं, की दुकानदार माल सुधारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अजून दारात आलेला नाही. खासगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. पण तासांची आणि गुणांची ही पद्धत इतर व्यवसायांत रुळली आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण जमवावे लागतात. डॉक्टरचं मी वेगळं धरते. नवं औषध, नवी शस्त्रक्रिया यांचं ज्ञान खरोखरच बाहेरून येतं, आणि डॉक्टर मागे राहिला हे रोग्याला कळण्याची सोय नसते. गुप्तहेराच्या कामाचा गाभा तसा बाहेरून येत नाही. बेटावर राख दिसली तर थांबायचं की पुढे जायचं, हे कुठल्या नव्या संशोधनाने बदललेलं नाही.

पिंकर्टनच्या संस्थेतून पुढे निघालेला सगळ्यात नामांकित माणूस म्हणजे डॅशिएल हॅमेट. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला हा मुलगा १९१५ साली बाल्टिमोरच्या कचेरीत लागला, जाणत्यांबरोबर पाळतीवर उभा राहून काम शिकला, आणि क्षयाने ते झेपेनासं झालं तेव्हा कथा लिहू लागला. त्याची 'द माल्टीज फाल्कन' ही कादंबरी १९३०ची. कथालेखक म्हणून त्याचं नाव झालं, पण वाक्य आखूड ठेवायची आणि पाहिलं तेवढंच लिहायची सवय पाळतीचे अहवाल लिहिता लिहिता लागली असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

अ‍ॅलन पिंकर्टन १ जुलै १८८४ रोजी शिकागोत वारला. १८७१च्या आगीत संस्थेचं दप्तर बरंचसं जळालं होतं. जे उरलं आणि नंतर जमलं, ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. संस्था १९९९मध्ये सिक्युरिटास या स्वीडिश कंपनीने विकत घेतली. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत पिंकर्टन कुटुंबाची जागा आहे. केट वॉर्न त्याच्या आधी, जानेवारी १८६८मध्ये, पस्तिशीच्या आसपास गेली. तिलाही त्याने आपल्याच कुटुंबाच्या जागेत पुरलं. दगडावर तिचं आडनाव कोरताना कारागिराने शेवटचं अक्षर गाळलं आहे.